जंतू मेला तरी ताप का येतो?

१८९२ च्या उन्हाळ्यात जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरात कॉलऱ्याने थैमान घातलं. काही आठवड्यांत आठ हजारांवर माणसं गेली. त्याच सुमारास बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांच्या संस्थेत रिचर्ड फायफर कॉलऱ्याच्या जंतूंचा अभ्यास करत होते. जंतू विष बाहेर टाकतो आणि ते विष माणसाला मारतं, हे घटसर्प आणि धनुर्वात या रोगांत नुकतंच दिसून आलं होतं. फायफर यांनी कॉलऱ्याचे जंतू उष्णतेने मारले आणि ते मेलेले जंतू गिनीपिगना टोचले. गिनीपिग तरीही दगावले.

मेलेला जंतू वाढत नाही, काही बाहेर टाकतही नाही. म्हणजे घातक वस्तू त्याच्या शरीराचाच भाग असली पाहिजे आणि ती उष्णतेलाही दाद देत नसली पाहिजे, असं फायफर यांनी मांडलं. या वस्तूला एंडोटॉक्सिन हे नाव पडलं. ती जंतूच्या बाहेरच्या आवरणात असते, हे पुढे कळलं. पण सगळ्यात चक्रावणारी गोष्ट उलगडायला त्यानंतर शंभरहून जास्त वर्षं लागली. हे एंडोटॉक्सिन स्वतः जवळजवळ काहीच करत नाही. ते पेशी फोडत नाही, श्वास रोखत नाही, नसा बंद पाडत नाही. आपल्या पेशी त्याला ओळखतात, आणि ओळखल्यावर आपलंच शरीर जे काही करतं त्यातून ताप येतो, बीपी पडतं, कधी जीव जातो.

याचा सगळ्यात सरळ पुरावा उंदरांनी दिला. सी३एच/एचईजे नावाची प्रयोगशाळेतल्या उंदरांची एक जात आहे. इतर उंदीर ज्या मात्रेने मरतील तिच्या कितीतरी पट एंडोटॉक्सिन या उंदरांना टोचलं, तरी ते मजेत हिंडत राहतात. १९६० च्या दशकात हे लक्षात आलं तेव्हा वाटलं असेल, काय नशीबवान प्राणी! पण याच उंदरांच्या अंगात साल्मोनेलाचे मोजके जिवंत जंतू गेले की ते पटापट मरतात. इतर उंदीर तेवढे जंतू सहज पेलतात.

अमेरिकेत डॅलसमध्ये ब्रूस बॉयटलर यांच्या चमूने पाच वर्षं खपून या उंदरांतला बिघाड शोधला आणि १९९८ साली जाहीर केला. टीएलआर-४ नावाच्या एका प्रथिनात एकच अमिनो आम्ल बदललेलं होतं. पेशीच्या पृष्ठभागावर बसून एंडोटॉक्सिन ओळखणं हे त्या प्रथिनाचं काम. ओळखणाराच निकामी, त्यामुळे एंडोटॉक्सिन टोचलं तर शरीर ढिम्म. आणि त्याच कारणाने, खरे जंतू घुसले तेव्हाही शरीराला पत्ता लागला नाही, तोवर ते हवे तेवढे वाढले. जंतू आणि आपली प्रतिकारशक्ती यांचं नातं समजून घ्यायला मला हा उंदीर सगळ्यात उपयोगी वाटतो. जी यंत्रणा आपल्याला वाचवते तीच आपल्याला आजारी पाडते, आणि ती अर्धी काढून टाकता येत नाही. बॉयटलर यांना २०११ चं नोबेल मिळालं. फळमाशीत अशाच प्रथिनाचं काम दाखवणारे ज्यूल हॉफमन हे त्यांचे सहमानकरी होते. तिसरे मानकरी राल्फ स्टाइनमन घोषणेच्या तीनच दिवस आधी वारले होते.

भिंत नेमकी कशाची

आपल्या पेशींना नुसतं पातळ पटल असतं. जिवाणूला तेवढ्यावर भागत नाही. त्याच्या आतला दाब बाहेरच्या हवेच्या दाबाच्या कित्येक पट असतो. भक्कम भिंत नसेल तर तो पाणी शोषून फुटेल. ही भिंत पेप्टिडोग्लायकन नावाच्या पदार्थाची असते. हातमागावरच्या कापडासारखी तिची वीण असते: उभे धागे साखरेचे, एकाआड एक अशा दोन प्रकारच्या साखरांचे, आणि त्यांना आडवे बांधणारे टाके अमिनो आम्लांचे. या टाक्यांमध्ये काही अमिनो आम्लं उलट्या घडणीची, म्हणजे डी-रूपाची असतात. आपल्या प्रथिनांत जवळपास सगळीकडे एल-रूप असतं. असा पदार्थ माणसाच्या शरीरात कुठेही तयार होत नाही.

डॅनिश डॉक्टर हान्स ख्रिश्चन ग्राम यांनी १८८४ साली बर्लिनमध्ये न्यूमोनियाने मेलेल्या रुग्णांच्या फुप्फुसांचे तुकडे रंगवताना या भिंतीतला फरक प्रथम पकडला, अर्थात भिंतीची काही कल्पना नसतानाच. आजही कुठल्याही पॅथॉलॉजी लॅबमध्ये तीच पद्धत चालते. काचपट्टीवर थेंब पसरायचा, ज्योतीवरून फिरवून तो घट्ट बसवायचा, वर जांभळा क्रिस्टल व्हायोलेट, मग आयोडीन. मग काही सेकंद अल्कोहोल, आणि शेवटी गुलाबी सॅफ्रॅनिन. ज्यांची पेप्टिडोग्लायकनची भिंत जाड, ते जिवाणू जांभळा रंग धरून ठेवतात. ते ग्राम पॉझिटिव्ह. ज्यांची भिंत अगदी पातळ आणि तिच्यावर चरबीचं आणखी एक पटल, त्यांचा जांभळा रंग अल्कोहोलबरोबर धुऊन जातो आणि ते गुलाबी दिसतात. ते ग्राम निगेटिव्ह. गळवातला स्टॅफिलोकोकस पहिल्या गटातला. लघवीच्या जंतुसंसर्गात सापडणारा ई. कोलाय, टायफॉइडचा, कॉलऱ्याचा, प्लेगचा जंतू हे सगळे दुसऱ्या गटातले. कल्चर रिपोर्टवर पहिली ओळ म्हणून हे दोन शब्द येतात ते याच भिंतीमुळे, आणि कुठलं अँटिबायोटिक आत शिरू शकेल याचा पहिला अंदाजही त्यावरूनच बांधला जातो.

शरीर नेमकी भिंतच का ओळखतं, याचं उत्तर येल विद्यापीठातले चार्ल्स जेनवे यांनी १९८९ साली दिलं, तेही प्रत्यक्ष पुरावा हाती येण्याआधी. जंतू झपाट्याने बदलतात. त्यांच्या कुठल्याही एका खुणेवर शरीराने भिस्त ठेवली तर ते ती खूण टाकून देतील. म्हणून ज्या गोष्टीवाचून जंतू जगूच शकत नाही आणि जी आपल्या अंगात कधीच नसते, अशीच गोष्ट ओळखणारे रिसेप्टर आपल्याकडे जन्मजात असणार, असा त्यांचा तर्क. भिंत या दोन्ही अटींत चपखल बसते. जेनवे यांना हे सुचलं ते एका अडचणीच्या प्रश्नातून. शुद्ध प्रथिन प्राण्याला टोचलं तर प्रतिकारशक्ती फारशी हलत नाही. १९३० च्या दशकापासून ज्यूल्स फ्रॉइंड यांच्या पद्धतीने तेलात कालवलेले मेलेले क्षयाचे जंतू त्यात घातले की मात्र जोरात प्रतिसाद येतो. सगळ्या प्रयोगशाळा हे करत होत्या, आणि हे असं का, यावर फारसं कुणी बोलत नव्हतं. त्या मिश्रणातला कामाचा सगळ्यात लहान तुकडा १९७४ मध्ये हाती लागला. तो पेप्टिडोग्लायकनचाच निघाला: एक साखर आणि तिला जोडलेली दोन अमिनो आम्लं. त्याला म्युरामिल डायपेप्टाइड म्हणतात. आपल्या पेशींच्या आत एनओडी-२ नावाचं प्रथिन नेमका हाच तुकडा ओळखतं. या प्रथिनाच्या जनुकात काही ठरावीक बदल असले, तर युरोपीय वंशाच्या लोकांत क्रोन्स या आतड्याच्या आजाराचा धोका वाढतो.

भिंत ओळखणं पुढचं, ती आधी कापली पाहिजे. ते काम लायसोझाइम करतं. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी पेनिसिलिनच्या सहा-सात वर्षं आधी, सर्दी झालेल्या स्वतःच्याच नाकातल्या शेंबडात हे सापडल्याचं १९२२ साली जाहीर केलं. डोळ्यातलं पाणी, लाळ, अंड्याचा पांढरा बलक या सगळ्यांत ते असतं. ते पेप्टिडोग्लायकनच्या उभ्या धाग्यातला दोन साखरांमधला जोड कापतं. पेनिसिलिन वेगळ्या जागी घाव घालतं: नवी भिंत विणताना आडवे टाके घालणारं एन्झाइम ते बंद पाडतं. वाढणारा जंतू मग आपल्याच दाबाने फुटतो. व्हायरसला अशी भिंतच नसते. त्यामुळे फ्लू किंवा डेंग्यूमध्ये अमॉक्सिसिलिनच्या गोळीला काम करायला जागाच उरत नाही. डॉक्टर अँटिबायोटिक देत नाहीत म्हणून दवाखाना बदलणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

सहा शेपट्या

आता पुन्हा एंडोटॉक्सिनकडे. त्याचं रासायनिक नाव लायपोपॉलिसॅकराइड, सगळे एलपीएस म्हणतात. ग्राम निगेटिव्ह जंतूच्या बाहेरच्या पटलाची बाहेरची बाजू मुख्यतः याचीच बनलेली असते; एका ई. कोलायवर एलपीएसचे साधारण दहा लाख रेणू असतात. प्रत्येक रेणूचा वरचा भाग म्हणजे साखरांची लांब साखळी. ती जंतूगणिक बदलते. पटलात रुतलेला खालचा भाग म्हणजे लिपिड ए. सगळी करामत या लिपिड ए-मध्ये आहे: दोन साखरा, दोन फॉस्फेट आणि त्यांना लटकलेल्या चरबीच्या शेपट्या. ई. कोलायमध्ये या शेपट्या सहा असतात.

रक्तात सुटलेला एलपीएसचा रेणू दोन मदतनीस प्रथिनांच्या हातून टीएलआर-४ पर्यंत पोहोचतो. टीएलआर-४ ला एमडी-२ नावाचं छोटं प्रथिन चिकटलेलं असतं आणि त्यात एक खोल खोबण असते. सहा शेपट्यांपैकी पाच या खोबणीत पूर्ण शिरतात. सहावीला जागा उरत नाही, ती काठावर बाहेर राहते. बाहेर राहिलेली ही सहावी शेपटी शेजारच्या दुसऱ्या टीएलआर-४ ला जाऊन टेकते. दोन टीएलआर-४ असे जवळ ओढले गेले की पेशीच्या आत संदेश सुरू होतो. २००९ साली या जोडणीची क्ष-किरणांनी मिळवलेली रचना प्रसिद्ध झाली, तेव्हा हे सगळं डोळ्यांना दिसलं. एका शेपटीच्या हिशोबावर माणसाचा ताप ठरतो, हे वाचून मी थक्क झालो होतो, आणि त्या हिशोबाचं पुढे काय होतं ते प्लेगच्या गोष्टीत येईलच.

संदेश पोहोचला की मॅक्रोफेज नावाच्या पांढऱ्या पेशी टीएनएफ, इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-६ अशी प्रथिनं रक्तात सोडतात. त्यांच्यामुळे मेंदूत प्रोस्टाग्लँडिन तयार होतं आणि शरीराचं तापमान कितीवर ठेवायचं तो आकडा वर सरकतो. शरीर असतं ३७ अंशांवर आणि मेंदूने आकडा लावलेला असतो ३९ चा. म्हणून भर मे महिन्यात दोन गोधड्या घेऊनही हुडहुडी जात नाही. स्नायू थरथरून उष्णता निर्माण करत असतात. पॅरासिटामॉल या प्रोस्टाग्लँडिनवर काम करतं आणि आकडा खाली आणतं. जंतूला त्याने काहीही होत नाही. गोळीने ताप उतरला म्हणून अँटिबायोटिकचा कोर्स मध्येच सोडणं धोक्याचं, ते यामुळेच.

एखाद्या जखमेपुरती ही धावपळ झाली तर ती हवीच असते. जागा लाल होते, सुजते, तिथल्या रक्तवाहिन्या सैल होऊन पांढऱ्या पेशी बाहेर पडतात, पू होतो, जंतू संपतात. पण जंतू रक्तात पसरले आणि अंगभर एकाच वेळी हेच सुरू झालं, तर सगळ्या रक्तवाहिन्या एकदम सैल होतात, पाझरू लागतात, बीपी कोसळतं. बारीक वाहिन्यांत रक्ताच्या गुठळ्या होतात, मूत्रपिंडांना रक्त मिळत नाही. हा सेप्टिक शॉक. ग्राम पॉझिटिव्ह जंतूंमुळेही तो होतो. तिथे टीएलआर-२ सारखे दुसरे रिसेप्टर भिंतीतली लायपोप्रोटीन्स ओळखतात. संसर्ग झालेला माणूस असंबद्ध बोलू लागला, धाप लागली, लघवी अगदी कमी झाली किंवा अंग गार पडून घाम फुटला, तर सकाळची वाट बघू नये. शॉकमधल्या रुग्णाला तासाभरात अँटिबायोटिक सुरू व्हावं, असं उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात.

माणूस याबाबतीत फार हळवा प्राणी आहे. निरोगी स्वयंसेवकांवर जे प्रयोग झाले त्यांत वजनाच्या दर किलोमागे दोन ते चार नॅनोग्रॅम एलपीएस शिरेतून दिलं, तरी तास-दीड तासात थंडी वाजून ताप आला. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. उंदीर याच्या हजारो पट सोसतो.

सलाईन लावल्यावर कधीकधी रुग्णाला अचानक हुडहुडी भरते, त्यामागे हेही एक कारण असू शकतं. सलाईन पूर्ण निर्जंतुक असेल, एकही जिवंत जंतू नसेल, तरी आधी कधीतरी त्या पाण्यात वाढून मेलेल्या जंतूंच्या आवरणाचे तुकडे उरलेले असू शकतात. उकळल्याने ते जात नाहीत, ऑटोक्लेव्हच्या दाबाखालच्या वाफेनेही धड जात नाहीत. काचेची भांडी २५० अंशांवर अर्धा तास तापवली तर नष्ट होतात. अमेरिकेत फ्लोरेन्स सायबर्ट यांनी १९२० च्या दशकात दाखवलं की इंजेक्शननंतर येणाऱ्या तापाचं मूळ औषधात नसून ऊर्ध्वपातित पाण्यात शिरलेल्या जंतूंच्या अवशेषांत आहे. पुढे कितीतरी वर्षं प्रत्येक बॅच सशांना टोचून त्यांचा ताप मोजला जाई. सशांची सुटका केली ती हॉर्सशू क्रॅब या पुरातन समुद्रजीवाने. त्याच्या निळ्या रक्तातल्या पेशींचा अर्क एलपीएसचा अंशही लागला की गोठतो. फ्रेडरिक बँग यांना १९५६ मध्ये हे दिसलं, जॅक लेव्हिन यांच्यासोबत त्यांनी त्याची चाचणी बनवली, आणि आज जगभरात इंजेक्शनची औषधं आणि लशी या चाचणीतून जातात. त्या रक्तातलं नेमकं प्रथिन आता प्रयोगशाळेत बनवता येतं. या प्राण्याची भारतातली वस्ती ओडिशा आणि बंगालच्या किनाऱ्यावर आहे. तिच्या भल्यासाठी तरी ही कृत्रिम चाचणी लवकर सगळीकडे रुळावी, असं मनापासून वाटतं.

सेप्टिक शॉकवर उपाय म्हणून टीएलआर-४ च बंद करायचा प्रयत्न झाला. एरिटोरान नावाचं औषध म्हणजे चार शेपट्यांचा लिपिड ए. ते एमडी-२ ची खोबण अडवून बसतं आणि बाहेर काही उरत नसल्याने संदेश जात नाही. सुमारे दोन हजार रुग्णांवर चाचणी झाली, २०१३ मध्ये निष्कर्ष छापून आले, आणि मृत्यू काही कमी झाले नाहीत. रुग्ण आयसीयूत पोहोचेपर्यंत पुढची साखळी केव्हाच सुरू झालेली असते, असं मला यामागचं मोठं कारण वाटतं. दुसरा एक प्रयत्न मात्र छान साधला. साल्मोनेलाच्या लिपिड ए-मधला एक फॉस्फेट काढून टाकला, तर त्याचा विषारीपणा खूप उतरतो, पण प्रतिकारशक्तीला जागं करण्याचा गुण शिल्लक राहतो. हा एमपीएल नावाचा पदार्थ आता लशींत घालतात. नागिणीवरच्या शिंग्रिक्स लशीत तो असतो. ती टोचल्यावर एक-दोन दिवस दंड ठणकतो, अंग मोडून येतं, त्यात या पदार्थाचा वाटा आहे.

प्लेग: पिसवेत एक, माणसात एक

२३ सप्टेंबर १८९६ रोजी मुंबईत मांडवी भागात मूळचे गोव्याचे डॉ. आकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचं निदान केलं. पुढच्या काही महिन्यांत मुंबई रिकामी झाली, साथ पुण्यात पोहोचली. सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना आजारी पडून १० मार्च १८९७ ला गेल्या. पुढच्या दोन-अडीच दशकांत देशभरात एक कोटीहून अधिक लोक प्लेगने मेले. वाल्डेमार हाफकिन यांनी याच मुंबईत, ग्रँट मेडिकल कॉलेजात, प्लेगचे जंतू वाढवून उष्णतेने मारून लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्यांना ताप आला. मेलेल्या जंतूंच्या आवरणाने ताप का येतो, हे वर आलंच आहे.

पण प्लेग इतका भयंकर का? एक उत्तर शेपट्यांच्या संख्येत आहे. प्लेगचा जंतू पिसवेच्या पोटात असतो तेव्हा तिथलं तापमान साधारण २१ ते २६ अंश असतं. या तापमानाला तो बनवतो त्या लिपिड ए-ला सहा शेपट्या असतात. पिसू माणसाला चावली, जंतू ३७ अंशांच्या शरीरात शिरला, की तो नवीन लिपिड ए बनवतो चार शेपट्यांचा. उरलेल्या दोन लावणारं एक एन्झाइम त्याच्याकडे मुळातच नाही आणि दुसरं फक्त थंडाव्यात चालतं. चार शेपट्या खोबणीत बसतात, बाहेर टेकायला काही उरत नाही, टीएलआर-४ गप्प राहतं. एरिटोरानमध्ये रसायनशास्त्रज्ञांनी जी युक्ती वापरली ती या जंतूकडे आधीपासून होती. अंगात शिरल्यावरचे पहिले एक-दोन दिवस तो जवळपास बिनबोभाट वाढतो. त्याशिवाय तो पांढऱ्या पेशींत आपली प्रथिनं टोचून त्यांना लुळं करतो, ते वेगळंच. काखेत, जांघेत गाठ येऊन माणूस फणफणतो तोवर आत जंतूंची संख्या अफाट झालेली असते. मग शरीर जागं होतं ते एकदम सगळ्या ताकदीने, आणि तेव्हा त्याचाही उपयोग नसतो.

हे खरंच इतकं महत्त्वाचं आहे का, हे २००६ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या संशोधकांनी तपासलं. त्यांनी प्लेगच्या जंतूत ई. कोलायचं एकच जनुक घातलं, ज्यामुळे तो ३७ अंशांवरही सहा शेपट्या बनवू लागला. बाकी जंतू होता तसाच घातक. उंदरांना तो मोठ्या मात्रेत टोचला, पण उंदीर मेले नाहीत. सुरुवातीलाच ओळख पटली आणि त्यांच्या शरीराने तो निपटून काढला. पुढे या उंदरांना खरा प्लेग दिला तरी ते वाचले. टीएलआर-४ नसलेल्या उंदरांना मात्र हा बदललेला जंतूही मारत होता.

आपल्या पावसाळ्याशी निगडित लेप्टोस्पायरा हाही असाच एक. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोचे रुग्ण वाढले, ते अनेकांना आठवत असेल. कोकणात भातलावणीच्या दिवसांत दरवर्षी धास्ती असते. उंदीर-घुशींच्या लघवीतून हा जंतू साचलेल्या पाण्यात येतो. याच्या लिपिड ए-ची घडण अशी आहे की उंदराचं टीएलआर-४ त्याला ओळखतं, माणसाचं ओळखत नाही. उंदीर तो बाळगतो आणि निवांत राहतो. आपल्याला मात्र कावीळ होते, लघवी बंद होते. लेप्टोच्या रुग्णाला पेनिसिलिनचं पहिलं इंजेक्शन दिल्यावर काही तासांत ताप कधीकधी आणखी चढतो, अंग थरथरतं. नातेवाईक घाबरतात, औषध चुकलं म्हणतात. जंतू एकदम फुटून त्यांच्या आवरणाचे तुकडे रक्तात येतात, म्हणून हे होतं. ते सहसा दिवसभरात ओसरतं. डॉक्टरांना लगेच कळवावं, पण औषध आपल्या मनाने थांबवू नये.

इथे कुणालाही शंका येईल की आपल्या आतड्यात एवढे ग्राम निगेटिव्ह जंतू राहतात, मग रोज ताप का येत नाही? आतड्याच्या आतल्या अस्तरावर टीएलआर-४ फार कमी असतं, तिथलं अल्कलाइन फॉस्फेटेज हे एन्झाइम लिपिड ए-चे फॉस्फेट काढून त्याला बोथट करतं, आणि तिथे मोठ्या संख्येने राहणाऱ्या बॅक्टेरॉइड्स जंतूंच्या लिपिड ए-ला मुळातच शेपट्या कमी असतात.

क्षयाची मेणचट भिंत

क्षयाचा जंतू ग्रामच्या दोन्ही गटांत नीट बसत नाही. त्याच्या पेप्टिडोग्लायकनवर साखरांचा थर असतो आणि त्यावर मायकोलिक आम्लांचा मेणासारखा जाड थर. थुंकीच्या तपासणीत गरम करून घातलेला लाल रंग आम्लाने धुतला तरी जात नाही आणि निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्या दिसतात, तो याच थरामुळे. टीबीच्या गोळ्यांतल्या आयसोनियाझिडने मायकोलिक आम्ल बनणं थांबतं, इथॅम्ब्युटॉलने त्याखालचा साखरेचा थर.

ही भिंत पांढऱ्या पेशींना दोन उलटे निरोप देते. तिच्यातलं लायपोअरॅबिनोमॅनन, थोडक्यात लॅम, मॅक्रोफेजच्या पोटात गेल्यावर जंतू जिरवण्याची क्रिया अर्ध्यावर रोखतं. जंतू गिळला जातो, पण पचत नाही. दुसरीकडे कॉर्ड फॅक्टर नावाचं मेण मिंकल या रिसेप्टरला चेतवतं आणि जंतूभोवती पांढऱ्या पेशींचा वेढा पडून गाठ बनते. उंदरांना जंतूविना नुसतं हे मेण दिलं, तरी अशा गाठी होतात. या वेढ्यात जंतू वर्षानुवर्षं कोंडून राहू शकतो. वेढा सडून फुटला की फुप्फुसात पोकळी होते. एक्स-रेवर दिसणारी ती पोकळी बरीचशी आपल्याच पेशींनी सोडलेल्या एन्झाइम्सनी कोरलेली असते.

एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती फार उतरलेल्या रुग्णांत हे स्पष्ट दिसतं. त्यांच्या फुप्फुसात पोकळ्या कमी होतात, एक्स-रे कधीकधी स्वच्छ वाटतो, थुंकीतही जंतू सापडत नाहीत. आजार मात्र अंगभर पसरलेला असतो आणि जास्त जीवघेणा असतो. अशांसाठी लघवीची एक सोपी पट्टी-चाचणी आहे. रक्तातून गाळून लघवीत उतरलेलं लॅम ती पकडते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ पासून ती अशा रुग्णांसाठी सुचवली आहे. आणि या रुग्णांना एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं, सुरू केल्यावर, काही आठवड्यांत प्रतिकारशक्ती सावरू लागली की मध्येच ताप येतो, मानेच्या गाठी सुजतात. टीबीचे उपचार नीट चालू असतानाही हे होतं, कारण इतके दिवस दुर्लक्षित पडलेले भिंतीचे तुकडे शरीराला आता दिसू लागलेले असतात.

जन्मल्याबरोबर बाळाच्या डाव्या दंडावर टोचतात ती बीसीजी म्हणजे याच कुळातला, दुबळा केलेला जिवंत जंतू. फ्रान्समध्ये काल्मेत आणि गेराँ यांनी तेरा वर्षं खपून तो तयार केला, १९२१ मध्ये पहिल्यांदा बाळाला दिला. त्याच्या भिंतीतलं म्युरामिल डायपेप्टाइड एनओडी-२ मार्फत मॅक्रोफेजच्या पूर्वपेशींना काही महिने अधिक तत्पर करून ठेवतं, असं २०१२ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी दाखवलं.

हाच जंतू मूत्राशयाच्या वरवरच्या कर्करोगावरही वापरतात. कॅनडात अल्वारो मोरालेस यांनी १९७६ साली याचे पहिले निष्कर्ष मांडले, आणि आपल्याकडच्या कर्करोग रुग्णालयांतही हा उपचार रुळलेला आहे. गाठ दुर्बिणीतून काढल्यावर, दर आठवड्याला एक असं सहा आठवडे, नळीतून बीसीजी थेट मूत्राशयात सोडतात. जंतू अस्तराला चिकटतात, पांढऱ्या पेशी धावून येतात आणि त्या गर्दीत उरलेल्या कर्कपेशीही मारल्या जातात. डोस घेतल्यावर एक-दोन दिवस लघवीला जळजळ, वारंवार जावं लागणं, अंगात कणकण हे नेहमीचंच. ताप चढत गेला, थंडी वाजू लागली किंवा दोन दिवसांत उतरला नाही, तर मात्र घरी थांबू नये. बीसीजीचे जंतू मूत्राशयाबाहेर पडलेले असू शकतात, आणि मग टीबीची औषधं द्यावी लागतात.